मंगळीचा दुसरा नमुना

"मेलेली बाई रक्त देऊन गेलीय, सुनीताताई," डॉक्टर आभा म्हणाल्या, आणि दीनानाथरावांच्या हातातली बशी कलंडली.

सुनीताबाईंच्या नवीन पनवेलमधल्या दोन खोल्यांच्या गुप्तहेर कचेरीत नवरे पळाल्याच्या, दागिने हरवल्याच्या तक्रारी येत. भुताची ही पहिलीच. सुनीताबाईंनी तीस वर्षं लॅबमध्ये रक्त तपासलं होतं. निवृत्तीनंतर त्या माणसं तपासू लागल्या. दीनानाथराव त्यांचे यजमान, ड्रायव्हर आणि बिनपगारी शंकासुर.

डॉक्टर आभा कर्नाळ्याच्या पायथ्याच्या वाडीत संशोधन करत होत्या. अंगावर मूठभर मांस नसलेल्या माणसांना मधुमेह का होतो? वंशातून, पाण्यातून, की लहानपणच्या उपासमारीतून? ऐंशी जणांचे नमुने जानेवारीत घेतले, पुन्हा गेल्या आठवड्यात.

"मंगळी आषाढात गेली. दाखला मी पाहिलाय. तरी तिचा ताजा नमुना आलाय! बाकीच्यांचे रिपोर्ट यायचेत, पण हिची आधी जनुकं तपासली. जानेवारीतलीच बाई."

"साखर?"

"दोन्ही वेळा नॉर्मल." डॉक्टर पुढे म्हणाल्या, "जूनमध्ये ती माझ्याकडे आली होती. फार थकवा येतो म्हणाली. मी स्क्रीनवर जानेवारीचा रिपोर्ट पाहिला आणि ताकदीच्या गोळ्या देऊन पाठवलं. ताई, ती माझ्यामुळे गेली का, एवढंच कळू द्या. डोळ्याला डोळा लागत नाही."

डॉक्टरांनी बोलावून घेतलेला, नमुने गोळा करणारा प्रदीप तर भडकलाच. "मेली कशी, मॅडम? मी स्वतः सुई टोचली! पोर कडेवर घेऊन बसली होती समोर."

"मंगळीला मूलबाळ नव्हतं," आभा पुटपुटल्या. दीनानाथरावांनी मनातल्या मनात रामरक्षा सुरू केली.

"जानेवारीत सगळे नमुने मिळाले?" सुनीताबाईंनी प्रदीपला विचारलं.

"ऐंशीच्या ऐंशी! वाडीत शुकशुकाट होता, तरी एक नाव सोडलं नाही."

दुपारी चौघं वाडीत पोचले. समोर ट्रकमध्ये भांडीकुंडी, गाठोडी चढत होती. मंगळीच्या झोपडीला कडी होती, पण दारातला हंडा काठोकाठ भरलेला.

"हा कोणासाठी?" दीनानाथरावांनी घाबरत विचारलं.

"अक्कासाठी," मंगळीची बहीण दिपा म्हणाली. "तहान घेऊन गेली ती. हंडा हंडा पानी प्यायची. मुतायची तिथं मुंग्या लागायच्या." तिच्या कडेवर दहा महिन्यांचं पोर होतं. प्रदीप तिच्याकडे बघतच राहिला.

"भट्टीवर जायची ती?" सुनीताबाईंनी ट्रककडे बघत विचारलं.

"दिवाळी झाली की समदेच जातात ईटभट्टीवर, ते जेठात येतात. गेल्या साली मी बाळंतीन, म्हनून ऱ्हायले."

सुनीताबाई हंड्याजवळ बसल्या. "अहो, रामरक्षा पुरे. मुंग्या लागतात म्हणजे साखर जाते. मग रिपोर्ट नॉर्मल कसा? आणि जानेवारीत मंगळी भट्टीवर होती. मेल्यावर तिने रक्त दिलं नाही, तसं जिवंतपणीही दिलं नव्हतं. दोन्ही नमुने एकाच बाईचे. जनुकं खरंच बोलली. ती बाई त्या दिवसांत वाडीत होती आणि तिच्या कडेवर पोर आहे. प्रदीप आजवर तिलाच मंगळी समजतोय."

दिपाने मान खाली घातली. "'मंगळी?' म्हनून इचारलं, मी हात पुढं केला. रेशनला घरातल्या कोनाचा बी अंगठा चालतो. तसंच वाटलं."

"पण ती गेल्यावर पुन्हा का दिलंस?" आभांनी विचारलं.

"अक्का गेली हे तुमाला सांगायला दोनदा आले. गेटवरनंच हाकललं. मंग म्हटलं, मेलेलीचं रगत गेलं की कोन तरी इचारायला येल."

आभांनी दिपाचा हात धरला. "माझंच चुकलं गं. मी स्क्रीनकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलंच नाही."

"रडायला नंतर वेळ आहे," सुनीताबाई म्हणाल्या. "जानेवारीत जवळपास सगळी वाडी भट्टीवर होती. मग ऐंशी नावांवर रक्त कोणाचं?"

"जो घरी भेटला त्याचं घेतलं," प्रदीप पुटपुटला. दिपाने ट्रककडे बोट दाखवलं. "काशीरामला बी लय तहान लागती. गाडी आता निघंल."

आभा पिशवी घेऊन धावत सुटल्या. गाठोड्यांवर एक हाडकुळा माणूस ओठ चाटत बसला होता.

"नाव काय तुझं?"

"काशीराम."

त्यांनी स्वतः त्याच्या बोटाला सुई टोचली. यंत्रावर साखर पाचशे बारा आली.

"खाली उतर. आत्ता दवाखान्यात जायचंय."

"भट्टीचा मुकादम बोंबलंल, बाई."

"बोंबलू दे!"

काशीराम धडपडत उतरला. "आदी पानी द्या," म्हणाला.

दिपाने मंगळीच्या हंड्यातून तांब्या भरून आणला.