केसाएवढी रेघ

फोटोत ती झोपलेली होती. गालाखाली हात, तोंड जरासं उघडं. आणि तिच्या चेहऱ्यासमोर वरून एक पांढरा केस लोंबत होता. कुणीतरी अगदी वाकून बघत असल्यासारखा.

पुढचं पान. तीच उशी, दुसरी कूस. केस तिथेच.

लंबूच्या अंगावर सर्रकन काटा आला. "बाई, हे माणसाचं काम नाही."

"भुतं पीडीएफ करत नाहीत, लंबू," घारी म्हणाली. ती गुप्तहेर, हा तिचा मदतनीस. अंगाने ताडमाड, पण गोष्ट डोक्यापर्यंत चढायला वेळ लागायचा. "फोटो पाठवायचे तर सरळ पाठवावेत. पानाखाली वेबसाइटचं नाव आहे; तिथे चढवून पीडीएफ करायचा खटाटोप कशाला?"

फोटोतलीच बाई समोर बसून नखं कुरतडत होती. "मेल कुणाचा ते कळत नाही. दाराला आतून कडी असते. घरात मी आणि मुलगी, बस. नवरा मागच्या वर्षी तळ्यात बुडाला. पट्टीचा पोहणारा होता हो! पुन्हा चौकशी करा म्हणून मी अर्ज दिला, आणि हे सुरू झालं. आता नणंद म्हणते, तुला भास होतात, पोरीला मी घेऊन जाते."

लंबूला आणि बाईला घेऊन घारी तडक तिच्या घरी गेली. नणंद पोरीची बॅग भरतच होती.

"मी कशाला पाठवू?" ती फिस्कारली. "ऑफिसात दिवसभर फोटोंच्या पीडीएफच करते मी. धाकट्यालाही मीच शिकवलं ते. पण असल्या घरात भाचीला ठेवणार नाही!"

तिच्याबरोबर आलेला धाकटा, म्हणजे बाईचा दीर, आपली बॅग मांडीवर घेऊन खुर्चीत अंग चोरून बसला होता. "दादा आणि मी मासे धरायला गेलो. त्याचा पाय घसरला. फोन खिशातच होता, तोही तळाशी गेला. वहिनी, आपण डॉक्टरकडे जाऊ या ना."

घारी पोरीजवळ खाली बसली. "बाबा कधी रागवायचा गं?"

"मी रात्री त्याचा फोन पाडला तेव्हा." पोर पुटपुटली. "कॅमेऱ्याची काच तडकली. आई मला ओरडली, मग बाबा आईला. सकाळी तो न बोलताच तळ्यावर गेला."

बाईने मान फिरवली.

घारीने दोन्ही पानं टेबलावर ठेवली. "लंबू, ही कूस बदलते. केस हलतो?"

"नाही."

"मग तो तिच्यावर नाहीच. काचेवर आहे."

लंबू बघतच राहिला. "तडा! म्हणजे हे त्या फोनने..."

"काच रात्री तडकली, सकाळी फोन बुडाला म्हणतात. हे फोटो त्या एकाच रात्रीचे. फोटोच्या फाइलला काढल्याची तारीख चिकटलेली असते. पीडीएफ केली की ती राहत नाही. त्यासाठी खटाटोप." ती दिराकडे वळली. "फोन तळाशी आहे, तर त्यातले फोटो वर कसे आले?"

"धाकट्या," नणंदेचा आवाज चिरकला, "तुला कुठले फोटो जोडायचे होते रे?"

तो दाराकडे सरकला. दारात लंबू उभा होता. त्याच्या बॅगेतून फोन निघाला, काच तडकलेला.

"ढकललं नाही मी," तो रडायला लागला. "भांडलो, तो पडला, पाय गवतात अडकला..."

"आणि फोन तुझ्या हातात होता," घारी म्हणाली. "कुणालाच लावला नाहीस."

नणंदेने पोरीच्या बॅगेतले कपडे एकेक करून परत कपाटात ठेवले.

बाई अजून फोटोकडेच बघत होती. "पण त्याने हे काढले कशाला? तो तर रागावलेला..."

"रागावलेला माणूस झोपलेल्या बायकोचे फोटो काढत बसत नाही, बाई."

पोरीने फोटोतल्या रेघेवर बोट ठेवलं. "ही माझ्यामुळे पडली ना?"

"हो गं बाई, तुझ्यामुळेच," आई म्हणाली, आणि तिला घट्ट कवटाळलं.