राज्य अजून गुणाजीवरच

हर्षद, तो मोबाइल उपडा ठेव बघू. उजेड डोळ्यांत जातो. जान्हवी, तू अशी आत सरक, गच्चीच्या कठड्याला टेकू नको. सांगतो. घाई करू नका, माझ्याच्याने भरभर बोलवत नाही.

आपल्या बी विंगमधला गुणाजी माहीत आहे ना तुम्हाला? संध्याकाळी गेटपाशी एकटा बसतो, भिंतीला पाठ लावून. त्याची गोष्ट आहे ही. गेल्या वर्षीची कोजागिरी. सोमवार होता.

त्या संध्याकाळी गुणाजी एका कामाला निघाला. हातात कापडी पिशवी, पिशवीत तांब्याचा गडू, गडूच्या तोंडाला पांढरं फडकं. आत वनमालाबाईच्या अस्थी. बाई त्याच्या जुन्या चाळीतली शेजारीण. तिच्या मागे कोणी नव्हतं, म्हणून अग्नीही गुणाजीनेच दिला होता. बोरिवलीहून तो गोराईच्या होडीत बसला. होडीत कॉलेजची पोरं स्पीकर घेऊन निघाली होती.

"काका, एकटेच पिकनिकला?" एकाने विचारलं.

"एकटा नाही रे," गुणाजी म्हणाला, आणि पिशवी मांडीवर घेतली.

पलीकडे रिक्षावाल्यानेही टोकलं. "त्या टोकाला? तिकडे कुत्रंपण नाय जात रात्रीचं. शेवटची होडी चुकली तर काय करणार?"

"बसेन."

"बसा मग चंद्र बघत," असं म्हणून तो हसला आणि गेला.

सुरूच्या झाडांपलीकडे वाळूचा लहानसा तुकडा आहे, कडेला काळे खडक. गुणाजी दहा वर्षांचा असताना तिथे आला होता. कोजागिरीलाच. गिरणीतले कामगार बायकापोरांना घेऊन तिथे रात्र काढायचे. तंबू कसले, गिरणीतलं जाड कापड चार बांबूंवर ताणलेलं. मध्ये चूल, चुलीवर दुधाचं पातेलं.

पोरं लपाछपी खेळत होती. राज्य गुणाजीवर होतं. एकेक पोर सापडलं, राहिला फक्त लवू. वनमालाबाईचा एकुलता एक. आठ वर्षांचा, पण लपला की डाव संपल्याची हाक येईपर्यंत हलायचा नाही. सगळ्या चाळीला ठाऊक होतं ते.

तेवढ्यात दुधाला उकळी आली. वेलचीचा वास सुटला. खंडूमामा दूध वाढायचा डाव हातात घेऊन ओरडला, "सगळी पोरं आली काय रे? एकपण बाहेर असला तर दूध नाय कोणाला!"

सगळ्यांनी गुणाजीकडे बघितलं. राज्य त्याच्यावर, हिशोब त्याचा.

"आली," गुणाजी म्हणाला. "लवू तंबूत जाऊन झोपला."

एवढंच बोलला तो. आणि दूध प्यायला.

वनमालाबाईने लवूचा पेला बशीने झाकून ठेवला, आणि दिवसभराच्या दमणुकीने चुलीपाशीच तिचा डोळा लागला. कोजागिरीला मध्यरात्री उधाण असतं. संध्याकाळी कोरडे असलेले ते खडक तेव्हा पाण्याखाली जातात... सकाळी पेला तसाच होता. दुधावर जाड साय.

लवू मिळालाच नाही. लोक म्हणाले, पोर झोपेत उठून पाण्यात गेलं. गुणाजीने मान खाली घातली. ती खालीच राहिली.

काय गं जान्हवी? नाही, गेल्या वर्षापर्यंत कोणालाच सांगितलं नाही त्याने. लग्न झालं, पोरं झाली. दूध मात्र कधी तोंडाला लावलं नाही. आणि वनमालाबाईचं सगळं बघितलं त्याने. औषधपाणी, रेशन, सगळं. लोक म्हणायचे, पोटच्या पोराने केलं नसतं एवढं. हे ऐकलं की तो उठून जायचा.

शेवटी हॉस्पिटलात बाईने त्याचा हात धरला. उजव्या हाताने. त्या हाताची करंगळी मुळापासून नव्हती, लहानपणी विळ्यावर गेलेली. चार बोटांनी घट्ट धरला.

"गुणा, त्या रातीक माका जागी रवाक होया होता रे. माझो डोळो लागलो. पोर माझ्यामुळे गेला."

एक वाक्य बोलायचं होतं गुणाजीला. तुझा डोळा लागला म्हणून नाही गं... तोंड उघडलं त्याने. मिटलं.

"माझी राख लवूकडे सोड," ती म्हणाली. पहाटे गेली.

तर कोजागिरीच्या रात्री गुणाजी त्या वाळूवर बसून राहिला. चंद्र डोक्यावर आला. पाणी चढलं. मग तो गुडघाभर पाण्यात गेला, फडकं सोडलं आणि राख वाहू दिली. परत वर आला. पण पाय निघेना.

समोर तोच खडक होता. वाळूवरचा, राज्य आलं की ज्याला टेकून डोळे मिटायचे तो. गुणाजीने त्याला कपाळ टेकलं. डोळ्यांवर हात ठेवले. साठीचा माणूस, पोरासारखा उभा राहिला.

"लवू," तो म्हणाला. "डाव संपला रे. बाहेर ये."

लाटा... बाकी काही नाही.

"मी शोधलंच नाही तुला. दुधासाठी खोटं बोललो. तुझ्या आयेचा काही दोष नव्हता रे. माझा होता."

आणि लाटा थांबल्या.

म्हणजे आवाज थांबला. पाणी हलत होतं. आवाज नव्हता.

मग मागे वाळू वाजली.

ओले पाय. लहान.

थांबले...

पुन्हा वाजली. जवळ.

वेलचीचा वास आला.

गुणाजीला वळायचं होतं. मान वळेना. डोळ्यांवरचे हात निघेनात.

अगदी पाठीशी. कोणीतरी श्वास धरून... हसू दाबून...

आणि कमरेवर चापट बसली. ओली. गार.

धप्पा.

...

हर्षद, धप्पा म्हणजे काय, ठाऊक आहे ना तुला?

हो. लपलेल्याने मागून येऊन धप्पा दिला, की डाव संपत नाही. राज्य पुन्हा त्याच्यावरच.

सकाळी पहिल्या होडीवाल्याला गुणाजी धक्क्यावर बसलेला दिसला. घरी आला आणि हे सगळं पहिल्यांदा मला सांगितलं. तेव्हापासून तो पाठ उघडी ठेवून कुठे बसत नाही.

त्याच्या बायकोने सदरा धुवायला घेतला, तेव्हा तिला कमरेपाशी ठसा दिसला. मिठाचा, पांढरा. आठ वर्षांच्या पोराची चापट बरोबर तिथेच बसते. तिने मला बोलावून दाखवला. मी हात लावला नाही.

पण खांद्यावर आणखी एक ठसा होता. तो गुणाजीला कळलाच नव्हता. चापट नसावी ती. कोणीतरी नुसता हात ठेवल्यासारखा. मोठा हात, बाईमाणसाचा.

त्याला चारच बोटं होती.