आपोआप घसरणारी पट्टी

"थांबा, थांबा! पुन्हा आवाज गेला!" शलाका ओरडली.

बंगळुरूतल्या कोरमंगलाच्या मराठी मंडळात सुट्टीतल्या गाण्याच्या वर्गाची तालीम चालली होती. वर्ग घेणाऱ्या स्मितामावशी घशाच्या ऑपरेशननंतर आज संध्याकाळी पहिल्यांदाच लोकांसमोर गाणार होत्या. पण ऐन अंतऱ्यात स्पीकरमधून त्यांचा आवाज विरून जात होता.

"मिक्सर तर नवाकोरा आहे," उपेंद्रकाका म्हणाले. माइक, स्पीकर आणि आवाज कमी-जास्त करणारा तो मिक्सर, सगळं तेच सांभाळत. "मावशी, घसा थकला असेल. आज राहू दे का?"

मावशींनी माइक खाली ठेवला. "खरंय. मुलंच गातील." त्या खुर्चीत जाऊन बसल्या. काका कॉफी प्यायला निघून गेले.

"पण मी त्यांच्या शेजारीच उभी होते!" शलाकाचे डोळे भरून आले. "मला छान ऐकू येत होतं. आवाज गेला तो फक्त स्पीकरमधून!"

"म्हणजे चोर या डब्यात!" वर्गातला ध्रुव मिक्सरकडे धावला. डबा कसला, जेवणाच्या डब्याहून जरासा मोठा! त्याचा सगळा कारभार वाय-फायने काकांच्या टॅबवरून चाले. पडद्यावर प्रत्येक माइकची एक पट्टी. वर सरकवली की आवाज मोठा, खाली ओढली की लहान.

आणि बघता बघता पहिली, मावशींच्या माइकची पट्टी आपोआप खाली घसरली!

"भूत!" त्याच्या मागोमाग आलेली सोनम किंचाळली.

"भुताला वाय-फाय कशाला लागेल?" ध्रुव म्हणाला. "अगं, काकांनी मिक्सरच्या वाय-फायला पासवर्डच ठेवलेला नाही! दुसरंच कुणीतरी आत शिरलंय."

खालच्या हॉलमध्ये बारसं होतं. तिथूनही माइकची खरखर येत होती.

"सोनम, तू खाली जा. तुला कन्नड येतं. मी या माइकचं नाव बदलून 'चकली' करतो. त्यांच्या टॅबवर चकली दिसली, की चोर सापडला!"

सोनम जिना उतरून धावली. खाली साउंडवाले अण्णा वैतागून टॅबवर बोट घासत होते. "स्वल्प कमी हो की रे!" एवढ्यात ते दचकले. "अय्यो! ही चकली कुठून आली?"

"अण्णा, चकली आमची आहे!" सोनमला हसू आवरेना. "तुम्ही वरच्या मिक्सरला जोडलंय!"

अण्णांनी कपाळावर हात मारला. "तरीच! मी आवाज कमी करतोय आणि इथला माइक बोंबलतोच आहे! उघडं वाय-फाय दिसलं, मला वाटलं आपलंच."

उपेंद्रकाकांना ओढून आणलं, तेव्हा त्यांचा चेहरा उतरला. पासवर्ड घालून ते थेट मावशींसमोर गेले. "घसा तुमचा नव्हता थकला. चूक माझी होती. माफ करा."

शलाकाने पुढे केलेला माइक मावशींनी घेतला.

संध्याकाळी त्यांचा हळुवार सूर शेवटच्या रांगेपर्यंत पोचला. टाळ्या थांबेनात! काकांनी तिघांना मंचावर बोलावलं. "आजचे खरे साउंड इंजिनिअर हे!"

मावशींनी तिघांना जवळ घेतलं.

"ऑपरेशननंतर माझी काळजी सगळ्यांनीच घेतली रे," त्या म्हणाल्या. "पण कान तुम्ही दिलात. मीसुद्धा माझ्या आवाजावर विश्वास ठेवायचं सोडलं होतं."

ध्रुवने काकांच्या टॅबवरचं 'चकली' खोडलं आणि त्या पट्टीला नाव दिलं, 'मावशी'.