पुलाखालचं पाणी

"टीना, हात हलवू नको ना! कामडी सुटली तर सगळा कंदील वाकडा होईल!"

"अरे यार, माझ्या नाकावर माशी बसलीय! मी क्या करू?"

"बसू दे तिला. ती पण दिवाळीला आली असेल!"

रेणू हसत हसत बांबूच्या कामड्यांना दोरा गुंडाळत होती. दिवाळीच्या सुट्टीचा दुसराच दिवस होता. गोंदियाहून मामेबहीण टीना आली होती. शेजारचा भुपेंद्र खळ करून घेऊन आला होता आणि त्याने ती अर्धी स्वतःच्या शर्टालाच लावली होती. अंगणात निळे-पिवळे कागद पसरले होते. रेणूची आजी, देवकाबाई, चुलीपुढे चकल्या तळत होती आणि "लहान तोंडाच्यांनी आधी खायच्या नाहीत" असं म्हणत प्रत्येकाच्या हातावर एकेक ठेवत होती.

तेवढ्यात घरामागच्या भाजीच्या बाडीतून धाकट्या हिमांशुची किंकाळी आली.

"ताई! ये ना लवकर! झाडं मरून राहिली!"

रेणूच्या हातातून कंदील निसटला. कागद तुडवत ती धावली.

ती बाडी तिच्या आईची होती. आई, पुष्पांजली, रायपूरच्या एका दवाखान्यात नर्स होती. जुलैमध्ये नोकरी लागली आणि ती गेली. जायच्या आदल्या दिवशी, पावसात भिजत, तिने वाफे केले होते. एका बाजूला वाल, मधे टोमॅटो, कडेने झेंडू, कोपऱ्यात मक्याच्या दोन ओळी. हात चिखलाने माखलेले असतानाच ती रेणूला म्हणाली होती, "मी नसले तर रोज यांच्याशी बोलत जा. मले वाटेल, माझ्याशीच बोलून राहिलीस."

आणि रेणू बोलायची! गणिताचा पेपर, हिमांशुचा पडलेला दात, बाबांनी करपवलेली भाजी, सगळं ती वालाच्या वेलाला सांगायची. लहान मुलीसारखं वाटायचं, पण कोण बघतंय?

आता त्याच वेलाचे शेंडे पिळलेल्या फडक्यासारखे वळले होते. टोमॅटोची पानं बोटांएवढी अरुंद होऊन खाली मुरडली होती. झेंडूच्या कळ्या माना टाकून होत्या.

"काल तर बरी होती," हिमांशु रडवेला होऊन म्हणाला. "थोडीशीच वाकडी होती. मले वाटलं, ऊन लागलं."

मोठी माणसं जमली. आजी म्हणाली, "नजर लागली बाप्पा!" बाबा धानाच्या कापणीला निघाले होते, जाता जाता म्हणाले, "करपा असंल. उपटून टाका." भुपेंद्रचे वडील उमेंद्रकाका कुंपणावरून डोकावले. ते गावात भाड्याने फवारणी करून द्यायचे, म्हणून सगळे त्यांना झाडांचे डॉक्टर म्हणायचे. "पाणी जास्त झालं," ते हसून म्हणाले. "लेकरांच्या हाती बाडी दिली की असंच होते!"

रेणूच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

संध्याकाळी आईचा व्हिडिओ कॉल आला. "रेणू, झेंडू दाखव ना ग! फुलला असंल आता!"

रेणूने फोन घट्ट धरला. "अंधार झाला आई. उद्या दाखवते."

"सगळं ठीक आहे ना?"

"हो. एकदम ठीक."

आईने डोळे बारीक करून स्क्रीनकडे पाहिलं. मग म्हणाली, "दिवाळीची सुट्टी नाही मिळाली ग. दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेला येते. एकच दिवस. पण येते."

फोन बंद झाला. रेणू ओट्यावरच बसून राहिली. टीना तिच्याजवळ सरकली. "तू झूठ का बोललीस?"

"तिकडे ती रात्रपाळी करते, टीना. तिला काय सांगू? तू लावलेलं सगळं मी मारून टाकलं म्हणून सांगू?"

"तू नाही मारलं! किसी ने मारा है! चल, शोधू या!"

दुसऱ्या दिवशी सकाळी चौघं बाडीत गुडघ्यांवर बसले. एकेक पान उलटून पाहिलं. अळी नाही, बुरशी नाही, डाग नाही. आणि मग भुपेंद्रच ओरडला, "हे पाहा! मक्याले काहीच नाही झालं! लसणालेही नाही!"

खरंच! मका ताठ उभा होता. लसणाची पात हिरवीगार होती. वाफ्यातलं गवतसुद्धा मजेत वाढत होतं.

"म्हणजे रुंद पानांची झाडं आजारी आहेत," रेणू हळूहळू म्हणाली. "आणि बारीक, लांब पानांची चांगली आहेत. पाणी जास्त झालं असतं तर सगळीच खराब झाली असती!"

"आणि नजर लागली असती तर?" हिमांशुने विचारलं.

"नजर काय पानं मोजून लागते का, बुद्धू!" टीना म्हणाली.

बाडीला पाणी यायचं ते नालीतून. त्यांच्या सालईबोडी गावचा तलाव रेणूच्या आबाजींच्या, म्हणजे आजोबांच्या, पूर्वजांनी बांधला होता. तिथून निघालेली नाली मंडईच्या मैदानाला वळसा घालून, एका लहान पुलाखालून, बाड्यांकडे यायची. चौघं नालीच्या काठाने उलटे चालत निघाले. काठावरची बेशरमची झाडं पुलापर्यंत वाकडीतिकडी झाली होती. पुलाच्या वरच्या अंगाला, तलावाकडे, मात्र तशीच झाडं टवटवीत होती, जांभळ्या फुलांनी भरलेली!

"पूल!" चौघंही एकदमच म्हणाले.

"पण आपण सांगितलं तर कोण ऐकेल?" हिमांशु म्हणाला.

"ऐकतील," रेणू म्हणाली. "डोळ्यांनी पाहिलं की ऐकतील."

आजीने टोमॅटोची रोपं ओसरीत वेगळी तयार केली होती. त्यातली नऊ तिने कुरकुरत दिली. "मरतील तर तुमचे कान उपटीन!" मुलांनी ती फुटक्या कपांत लावली. तीन कपांना हापशीचं पाणी, तीन कपांना पुलाच्या वरचं, तीन कपांना पुलाखालचं. भुपेंद्रने कपांवर खडूने खुणा केल्या. रोज सकाळी सारख्याच मापाचं पाणी, सारखंच ऊन. पुलाखालच्या पाण्याला हात लावल्यावर टीना सगळ्यांना साबणाने हात धुवायला लावायची आणि स्वतः तीनदा धुवायची.

चौथ्या दिवशी तीन कपांतली रोपं पिळून गेली. पुलाखालच्या पाण्याचीच तीन! बाकीची सहा ताठ उभी होती.

"जिंकलो!" हिमांशु उड्या मारू लागला.

"अजून नाही. तिथे हे करतंय कोण?" रेणू म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातलाच चौघं बेशरमच्या आड दडून बसले. धुकं विरत होतं. धानाच्या कापलेल्या पेंढ्यांचा ओला वास येत होता. दिवाळी दोन दिवसांवर आली होती. मागच्या वर्षी या दिवसांत आई सगळ्यांना भल्या पहाटे उठवून अंगण सारवायची, आणि रेणू कुरकुरायची. आता कुणी उठवलं नाही तरी तिला जाग यायची.

"श्श! कोणी तरी आलं!"

मैदानाकडून एक माणूस आला. पाठीवर फवारणीचा पंप. त्याने पुलाखाली उतरून पंप उघडला, उरलेलं पिवळट पाणी नालीत ओतलं, दोनदा खळबळून धुतलं, आणि शीळ घालत निघून गेला. एक उग्र, औषधी वास पसरला.

सगळे भुपेंद्रकडे पाहत होते.

"ते माझे बाबा होत," तो म्हणाला. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. तो उठला आणि घराकडे पळत सुटला.

"आता?" टीनाने विचारलं.

"आता काही नाही," रेणू म्हणाली. "त्याला न विचारता आपण कुणालाही सांगायचं नाही." तिला बाडीची चिंता होतीच, पण भुपेंद्रचा तो चेहरा काही केल्या डोळ्यांपुढून जाईना.

दुपारी भुपेंद्र स्वतःच आला. डोळे लाल होते.

"मी विचारलं त्यांना. मंडईसाठी मैदानातलं गाजरगवत मारून राहिले. म्हणाले, एवढ्याशा औषधानं काय होते, तू खेळ जाऊन." तो जमिनीकडे पाहत होता. "ते वाईट नाहीत, रेणू. फक्त ऐकतच नाहीत."

"मग ऐकायला लावू," रेणू म्हणाली.

संध्याकाळी अंगणातल्या आंब्याखाली बैठक होती. मंडई समितीचे सेवकरामजी, आबाजी सुकराम आणि उमेंद्रकाका खाटेवर बसून दंडारीच्या नाच-नाटकाचा मांडव कुठे घालायचा यावर वाद घालत होते. भुपेंद्र तबकात तीन ग्लास घेऊन आला. मागे टीना, हिमांशु आणि रेणू. रेणूच्या हातात नऊ कपांची टोपली.

"पाणी घ्या, बाबा."

उमेंद्रकाकांनी ग्लास ओठाला लावला.

"पुलाखालून आणलं. आत्ताच," भुपेंद्र म्हणाला.

काकांनी ग्लास असा खाली आदळला की अर्धं पाणी खाटेवर सांडलं! "पागल झाला का रे? ते पाणी कोणी पिते का?"

"काऊन?" भुपेंद्रने विचारलं. "काऊन नाही प्यायचं, बाबा?"

"अरे, त्याच्यात..." काका थांबले.

"त्याच्यात काय, उमेंद्र?" आबाजींनी शांतपणे विचारलं.

रेणूने टोपली पुढे ठेवली. तीन पिळलेली रोपं, सहा ताठ. तिने खुणा दाखवल्या, मका आणि वालाची गोष्ट सांगितली, बेशरमची झाडं सांगितली. शेवटी म्हणाली, "काका, त्या नालीवर पंधरा घरांच्या बाड्या आहेत. गायी तिथंच पाणी पितात."

"आणि हे हापशीचं आहे!" म्हणत हिमांशुने काकांच्या ग्लासात उरलेलं पाणी गटागटा पिऊन टाकलं. "आम्ही कुणाला असलं पाणी देऊ का?"

सेवकरामजी खो खो हसले. उमेंद्रकाका हसले नाहीत. त्यांनी एक पिळलेलं रोप हातात घेऊन उलटंपालटं पाहिलं. मग उठून बाडीत गेले. परत आले तेव्हा त्यांची मान खाली होती.

"तुझ्या आईनं लावली होती ना ही बाडी?" त्यांनी रेणूला विचारलं. "मी म्हटलं, लेकरांच्या हातानं गेली. माझ्याच हातानं गेली पोरी. चुकलं माझं." मग ते भुपेंद्रकडे वळले. "आणि तू! सकाळी तुझं ऐकलं असतं तर चारचौघांत खाली पाहायची वेळ नसती आली." पण बोलताना त्यांचा हात मुलाच्या खांद्यावर होता.

आबाजींनी चौघांना जवळ बोलावलं. "आमच्या आजा-पणज्यांनी तलाव बांधला, पण त्याचं पाणी राखलं तुम्ही. आम्ही चार म्हातारे नजर आणि करपा करत बसलो होतो!"

दुसऱ्याच दिवशी नालीचं पाणी बंद करून गायी हापशीच्या टाक्याकडे वळवल्या. उरलेलं गाजरगवत अख्ख्या गावाने हातमोजे घालून उपटलं, आणि सगळ्यात पुढे उमेंद्रकाका होते. तेवढं झाल्यावर रेणूने आईला फोन करून सगळं खरं सांगितलं. आईने सगळं ऐकून घेतलं. शेवटी एवढंच म्हणाली, "आणि इतके दिवस तू हे एकटीनं पोटात ठेवलंस? वेडी."

मंडईच्या दिवशी बाबा कोहमाऱ्याच्या फाट्यावरून आईला मोटारसायकलवर घेऊन आले. ती रात्रपाळी करून थेट बसमध्ये बसली होती. डोळ्यांखाली काळं झालं होतं. हिमांशु तिला लोंबकळला, आजीने दृष्ट काढली, आणि आई तशीच सरळ बाडीत गेली. अर्धे वाफे रिकामे होते. ती खाली बसली. रेणूही तिच्या शेजारी बसली. दोघींनी मिळून लांबच्या ताज्या मातीच्या वाफ्यात मेथी आणि सांभार, म्हणजे कोथिंबीर, पेरला. आईचा खांदा तिच्या खांद्याला लागलेला होता, रेणूला तेवढं पुष्कळ होतं.

दुपारी मैदानात ढोलकी वाजू लागली. "चला, चला! दंडार सुरू झाली!" भुपेंद्र आणि टीना हाका मारत आले.

पण अंगणातल्या खाटेवर आई झोपून गेली होती. हात अजून मातीने भरलेले होते.

"उठव ना तिला! मंडई चुकेल!" हिमांशु म्हणाला.

"नको. तुम्ही व्हा पुढे."

"आणि तू?"

"मी आहे इथे."

मुलं पळत गेली. ढोलकी जोरात घुमायला लागली. आई कूस बदलून पुन्हा झोपली. उद्या सकाळी सातला तिची परतीची बस होती. रेणूने हळूच तिच्या अंगावर चादर ओढली आणि तिच्या पायाशी बसून राहिली.