संशोधकाने बोलायचं नसतं

प्रीतम लाड मला पहिल्यांदा दिसला तो पाठमोरा, आणि त्या पाठीचाही मला रागच आला. घाटकोपरच्या आमच्या लॉ कॉलेजात जुने खटले शोधायचा कॉम्प्युटर एकच, आणि वेळ संपली तरी हा हलेना. मी म्हटलं, ऊठ. तो उठला... आणि मी सकाळपासून जे शोधत होते, ते जाता जाता, उभ्याउभ्याच काढून दिलं त्याने. वर हसला. हसला की गालाला खळी पडते त्याच्या. तिचाही राग आला.

मूट कोर्ट म्हणजे विद्यार्थ्यांनी लढवायचा लुटुपुटीचा खटला — दोघांनी बोलायचं, तिसऱ्याने निवाडे शोधून द्यायचे. सरांनी तिसरा म्हणून नेमका त्यालाच माझ्या संघात घातला. या संशोधकाने कोर्टात तोंड उघडायचं नाही, असा नियमच आहे. प्रीतम तो चहाच्या टपरीवरही पाळायचा. मी बडबड करायची आणि तो नुसता बघत राहायचा. किती दिवस बघायचं माणसाने?

आमच्या खटल्यातला भाडेकरू कोकणात गावी गेला होता आणि मालक त्याची बंद खोली परत मागत होता. आम्ही भाडेकरूच्या बाजूने, आणि तसा निवाडा काही केल्या मिळेना. फायनलला जायचं माझं स्वप्न त्यावरच अडलेलं. एका दुपारी प्रीतम धापा टाकत आला. हातात प्रिंट, एका वाक्याखाली पिवळी रेघ — ‘कुलूप लावलं म्हणून कुणी घर सोडलं असं होत नाही.’ मी ते वाक्य तोंडपाठ केलं. खरं सांगते, ते आणणाऱ्याच्या प्रेमातही तिथेच पडले.

अंधेरीला सेमीफायनलमध्ये मी ते थाटात म्हटलं. परीक्षक बाईंनी शांतपणे सांगितलं, त्याच्या वरची ओळ वाचा.

वरची ओळ होती, ‘भाडेकरूच्या वकिलांचं म्हणणं असं की...’ आणि पुढच्याच पानावर न्यायालयाने ते म्हणणं साफ फेटाळलं होतं. मागे कुणीतरी फिसकन हसलं. आम्ही हरलो.

पुढचं पान मीही उलटलं नव्हतं, कारण त्याने आणलंय म्हणजे बरोबरच असणार. याचाच तर जास्त संताप येत होता. गेटबाहेर त्याला गाठलं.

“पान उलटायला काय झालं होतं तुला?”

तो हातातल्या प्रिंटची घडी घालत राहिला.

“इथे नियम नाहीये. बोल.”

“ते वाक्य दिसलं ना... तर तुझा चेहराच आला डोळ्यांसमोर. किती खूश होशील तू. मग पुढे वाचलंच नाही गं. तशीच प्रिंट काढली नि पळत सुटलो.”

माझा राग शांत व्हायला हवा होता. उलट भडकला. एवढे दिवस ज्याची वाट पाहिली, ते हा हरल्यावर बोलत होता.

“वाट लावलीस यार तू. आणि हेही अर्धंच. अर्धं वाचतोस, अर्धं बोलतोस. पुढचं?”

एक रिक्षा थांबून निघून गेली. त्याचे कान लाल झाले होते.

“मला तू आवडतेस, गंधाली. तू ‘ऊठ’ म्हणालीस ना, तेव्हापासून.”

“हे कुणाचं म्हणणं?”

“माझं.” मग हळूच, “...आणि निकाल?”

“राखून ठेवलाय.”

पुढच्या रिक्षाला मी हात केला. त्याचं घर चारकोपला, माझं मुलुंडला, दोन टोकं. राग अजून तसाच होता. तरी आत बसले आणि सरकून त्याला जागा करून दिली.