रस्त्याखालचं पाणी

होडी धक्क्याला बांधून तयार होती. कानिन्खेनवेर्डर बेटावर दिवसभर भटकायचं ठरलं होतं. वीबके पाव-चीजचा डबा पिशवीत कोंबत होती, तेवढ्यात तिच्या मावशीनं, गेझीनेनं, तळघरातून हाक मारली. पाणी पुन्हा चढलं होतं.

वीबकेनं पिशवी आदळली. जर्मनीतल्या श्वेरीनला मावशीकडे सुट्टीला येऊन तिनं आणि तिच्या धाकट्या भावानं, माल्टेनं, बादल्या उपसण्यापलीकडे काही केलंच नव्हतं. शेजारची थुईसुद्धा बिचारी त्यात ओढली गेली होती. मावशीचं लोकरीचं दुकान बाजाराच्या मोठ्या रस्त्यावर होतं आणि हिवाळ्याचा सगळा माल खाली तळघरात. खोकी फळीवर चढवली, तरी खालची लोकर कुजायला लागली होती.

नळवाल्याच्या मते दोष वरच्या मजल्यावरच्या राडेमाखर आजोबांच्या न्हाणीघराचा होता. आजोबांच्या मते दोष मावशीच्या मोरीचा. मावशी आणि आजोबांचं बोलणं बंद झालं होतं. नगरपालिकेत फोन केला की सुट्टीनंतर करा, असं उत्तर मिळायचं.

"या वरच्या माणसाला मी कोर्टात खेचणार आहे," मावशी बादली उचलत म्हणाली.

थुई मात्र बादलीत टक लावून बघत होती. पाण्यावर हिरव्या टिकल्यांसारखी बारीक पानं तरंगत होती.

"आजोबांच्या न्हाणीघरात हे उगवतं का गं?" तिनं विचारलं.

वीबके थबकली. असल्या पानांचा थर तिनं येता-जाता पाहिला होता, पाफेनटाइख तळ्याच्या काठाला. आणि मग तिला आठवलं, शाळेची सहल इथे आली होती तेव्हा बाईंनी सांगितलेलं. हे गाव म्हणजे पूर्वी पाण्यात उभी राहिलेली टेकाडं. गिरण्यांसाठी बांध घालून ते तळं केलं, त्याचं पाणी एका ओढ्यानं किल्ल्याजवळच्या तळ्यात जायचं. पुढे लोकांनी ओढा झाकला आणि वर रस्ता केला. ओढा काही मेला नव्हता. तो मावशीच्या दारासमोरून, जमिनीखालून वाहत होता.

तिनं मावशीला हे सांगितलं. मावशी म्हणाली, गोष्टी नंतर सांग, आधी बादली रिकामी कर.

"ऐकत नाहीत ना," माल्टे वैतागून म्हणाला. "मग करूनच दाखवू."

शेजारच्या दारूच्या दुकानातून त्यांनी बाटल्यांची बुचं आणली, प्रत्येकाला लाल लोकर गुंडाळली आणि तळ्याचं पाणी जिथे जमिनीखाली शिरतं तिथे ती सोडली. मग धावतपळत ते किल्ल्याच्या तळ्यावर आले. बराच वेळ वाट पाहिली. एकही बूच आलं नाही.

ओढा बाहेर पडायचा, त्या जागी जलशासाठी मोठा मंच उभा राहत होता. त्याच्या फळ्यांखाली वाकून थुईनं पाहिलं. ओढ्याच्या तोंडात वाळूची पोती रचली होती. फटींतून जेमतेम धार झिरपत होती.

मंचाच्या कामाचे मुख्य ब्रांडहोर्स्ट चकचकीत बूट घालून हुकूम सोडत होते. ते म्हणाले, ती जुनी गटार आहे, बंद पडलेली. पाहुण्यांचे पाय भिजू नयेत म्हणून पोती ठेवली. आता मुलांनी पळावं, खुर्च्या मांडायला आधीच माणसं कमी आहेत.

वीबकेचं डोकं तापलं होतं, पण आवाज तिनं गोड ठेवला.

"साहेब, गटार बंदच आहे ना? मग एक पोतं काढून दाखवा. पाणी आलं नाही, तर आम्ही तिघं दिवसभर तुमच्या खुर्च्या मांडू. फुकट."

फुकट म्हटल्यावर ब्रांडहोर्स्टना राहवलं नाही. मंचाखाली उतरून त्यांनी स्वतःच पोतं ओढलं. उरलेली पोती आपसूक घसरली आणि गढूळ लोंढा त्यांच्या गुडघ्यांवर आदळला. ते तिथेच बसले. हिरवी पानं त्यांच्या सदऱ्याला चिकटली. थोड्या वेळानं एक लाल बूच डुलत आलं आणि त्यांच्या मांडीला लागून थांबलं.

"हे आमचं आहे," माल्टेनं हात पुढे केला.

संध्याकाळपर्यंत तळघरातलं पाणी उतरलं. मावशी ओल्या फरशीवर बादली पालथी घालून बसली. मग म्हणाली, "सकाळी ऐकलं असतं तर तुमचा दिवस वाया गेला नसता. अक्कल तुम्ही चालवलीत, मी नुसता आरडाओरडा केला."

ती उठली, केस सारखे केले आणि जिना चढायला लागली. मुलं मागोमाग. राडेमाखर आजोबांनी दार उघडलं आणि हाताची घडी घातली.

"माझं चुकलं," मावशी म्हणाली. "पाणी तुमचं नव्हतं."

"मग कुणाचं होतं?"

"हिला विचारा." मावशीनं वीबकेला पुढे ढकललं. "गाव हिला आपल्यापेक्षा जास्त कळतं."

आजोबांनी तिघांच्या चिखलानं भरलेल्या पायांकडे पाहिलं आणि दारातून बाजूला झाले. "पाय पुसा," ते म्हणाले, "आणि पहिल्यापासून सांगा. तूही ये, गेझीने."