जैनुद्दीनची हजेरी

विषय : दि. १० डिसेंबर १९९३, शुक्रवार रोजी दक्षिण बहरीनच्या वाळवंटातून केलेल्या पायी प्रवासाबाबत. संदर्भ : आमचे स्टोअरकीपर सदानंद जाधव यांनी मला स्वतः सांगितलेली हकिकत.

दिवा चालूच राहू दे, अनिरुद्ध. अंधारात कुणीही भितो.

"अंकल, बहरीनमध्ये कॅन्यन? सीरियसली?" गोष्ट ऐकायला बसलेल्या दीप्तीने विचारलं.

घळी आहेत, बाई. जबल दुखान डोंगराभोवती कडे आहेत, त्यांत. माणूस हरवायला फार खोल लागत नाही.

आमच्या इंग्रज मॅनेजरला चालण्याचं वेड. त्याने ठरवलं, स्टाफने सुटीच्या दिवशी पाठीवर सॅक घेऊन पश्चिम किनाऱ्यापासून पूर्व किनाऱ्यापर्यंत चालावं. ज्यांची गावं एसटीच्या थांब्यापासून दोन कोस आत, त्यांना चालण्याचे फायदे समजावण्यात आले. साहेबांना त्या दिवशी सर्दी झाली.

पुढे फोरमन हुसेन. त्याचा नियम साधा : प्रत्येक थांब्यावर नावं पुकारायची, सगळ्यांचं 'हाजिर' आल्याशिवाय पाऊल उचलायचं नाही.

सदानंदचा रूममेट जैनुद्दीन, राजापूरकडचा. दुपार कलली तसा तो एका घळीत नमाजाला थांबला.

"सदा, तू हो पुढं. आलोच मी."

थोडं पुढे थांबा झाला. सगळ्यांचे पाय सोललेले, पाणी तळाला. हुसेनने पुकारलं, "जैनुद्दीन?"

ऑफिसात जैनुद्दीनला उशीर झाला की सदानंद त्याच्यासारखा नाकात बोलून हजेरी देत असे. सवय. तसाच ओरडला, "हाजिर!"

दोघे-तिघे हसले. "यल्ला," हुसेन म्हणाला, आणि रांग निघाली.

पुढचा थांबा. "जैनुद्दीन?" सदानंदच्या तोंडाला बाटली होती. मागून आवाज आला, "हाजिर."

पोचला गाढव, म्हणून सदानंदला बरं वाटलं.

त्यापुढचा थांबा. ऊन गेलेलं. "हाजिर." उरलेलं पाणी द्यायला सदानंद मागे वळला.

रांगेत शेवटचा सदानंदच होता.

त्याने हुसेनचे पाय धरले, सगळं सांगितलं. सगळे टॉर्च घेऊन उलटे पळाले. चंद्र नव्हता. दगड निसटत होते.

"जैनूऽऽ!"

"हाजिर."

डावीकडून. धावले. समोर नुसता कडा.

"पाय मोडलाय का रे? कुठं आहेस?"

"हाजिर."

आता मागून.

"दुसरं काहीतरी बोल ना!" सदानंद रडत होता. "आईचं नाव सांग! जैनू... एकदा सांग..."

त्याने टॉर्च चौफेर फिरवला.

"हाजिर."

अगदी कानाशी. तेव्हा त्याला आवाज ओळखू आला. जैनुद्दीनचा नव्हता. सदानंद जी नक्कल करायचा, ती होती ती.

...

पोलिसांनी आठवडाभर घळी पालथ्या घातल्या. काही मिळालं नाही.

"मग?" अनिरुद्धने विचारलं.

चालण्याच्या दुसऱ्याच दिवशी, शनिवारी सकाळी ऑफिस भरलं. हुसेनने मान खाली घालून नावं पुकारली. सवयीने तेही नाव पुकारलं. सदानंदने दोन्ही हातांनी आपलं तोंड दाबून धरलं होतं. मी समोरच होतो.

"हाजिर."

 आवाज आला की हजेरीपटावर खूण करायची, एवढंच टाइमकीपर शब्बीरला ठाऊक. त्याने खूण केली. पुढे रोज करावी लागली.

जैनुद्दीनची बायको बानू हिने गावाहून अर्ज केला : नवऱ्याला बेपत्ता ठरवावं, म्हणजे घरात निदान त्याच्या नावाने फातिहा तरी पढता येईल. ऑफिसने कळवलं, कर्मचारी रोज हजर आहे. सबब बेपत्ता ठरवता येत नाही. तिने पुन्हा अर्ज केला.

तो विचाराधीन आहे.